पडद्यावर दुसरीच

वैशाली पहिल्यांदा नवरी झाली ती एका हळदीच्या गाण्यात. तेव्हा ती सुरतेत पर्वत पाटियाजवळच्या एका स्टुडिओत साड्यांच्या कॅटलॉगसाठी उभी राहायची. साडी नेसायची, फोटो झाला की सोडायची, लगेच दुसरी नेसायची. एक दिवस शेजारच्या हॉलमध्ये अहिराणी गाण्याचं शूटिंग होतं आणि त्यांची नवरी आलीच नाही. कुणीतरी वैशालीला बोलावलं. ते गाणं पुढे खानदेशातल्या लग्नालग्नात वाजलं. घराजवळ, गोडादऱ्यात भाजी घेताना बायका तिचा हात धरून विचारायच्या, ती नवरी तूच ना? आईला, मंगलाबाईंना, आधी लाज वाटली आणि मग अभिमान वाटला. त्या घरी बसून साड्यांचे धागे कापायचं काम करायच्या. हातातली साडी बाजूला ठेवून त्या आल्यागेल्याला मोबाईलवर ते गाणं दाखवायच्या.

त्याच वर्षी वैशालीचं ठरलेलं लग्न मोडलं. अमळनेरकडच्या मंडळींनी निरोप पाठवला की मुलगी चांगली आहे, पण आता आमच्या गावात तिला सगळेच ओळखतात. वडील तेव्हा हयात होते. सांच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी निरोप ऐकला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि पाळीवर निघून गेले. पुन्हा स्थळं बघायचा विषय त्यांनी काढला नाही आणि दोनच वर्षांत ते गेले.

मग वैशाली गाण्यांमध्येच नवरी होत राहिली. कधी साक्रीच्या नवऱ्याची, कधी चोपड्याच्या. तिशी जवळ आली तरी हळद लागतच होती. तिची मेकअप करणारी मैत्रीण स्वाती घटस्फोट घेऊन लिंबायतमध्ये एकटी राहायची. दोघींनी मिळून गाण्या-पिक्चरच्या लाइनमधले काही पुरुष पारखून पाहिले होते. एका गुजराती मालिकेतला नट वैशालीला कोको प्यायला घेऊन गेला आणि सगळा वेळ समोरच्या काचेत स्वतःचे केस बघत बसला. कॅटलॉगचा एक फोटोग्राफर पहिल्याच भेटीला आईला घेऊन आला, आणि त्या माउलीने वैशालीला उठून चालून दाखव म्हटलं. स्वातीला एक साउंडवाला आवडला होता, तोही तिच्यावर लट्टू होता. पण त्याची बायको वलसाडला राहते हे त्याने फार उशिरा सांगितलं. या गोष्टी सांगून दोघी पोट धरून हसायच्या. स्वाती म्हणायची, "लाइनमधल्या माणसाशी लग्न करू नये, आणि लाइनबाहेरचा माणूस आपल्याशी करत नाही. मग राहिलं काय? भजी खाऊ."

हेमराज भेटला तेव्हा मात्र वैशालीने स्वातीला बरेच दिवस काही सांगितलं नाही.

तो शहादा तालुक्यातला. सुरतेत आधी लग्नांचे व्हिडिओ काढायचा, मग गाणी करू लागला. सेटवर त्याचा आवाज कधी चढायचा नाही. उन्हात उभ्या असलेल्या माणसाला तो आधी सावलीत बसवायचा आणि मग कॅमेरा लावायचा. एका गाण्यात वैशालीला शेताच्या बांधावरून पळायचं होतं. तिच्या पायाला काच लागली, तर त्याने शूटिंग थांबवून स्वतः तिचा पाय धुतला. एवढ्याशा गोष्टीवर वैशाली भाळली असं स्वाती नंतर म्हणाली. वैशालीचं म्हणणं होतं की एवढीशी गोष्टसुद्धा आजवर कुणी केली नव्हती.

सकाळी उठल्या उठल्या त्याचा फोन यायचा. मंगलाबाई नळावर गेलेल्या असायच्या तेव्हाची ती वेळ. तो अहिराणीतच बोलायचा. "तुना आवाज ऐकाबिगर मना दिन उगस नही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. तुझा आवाज ऐकल्याशिवाय माझा दिवस उगवत नाही. वैशाली हसून म्हणायची, मग झोपून रहा. रविवारी तो तिला मोटरसायकलवरून गरमागरम सुरती लोचो खायला न्यायचा, नाहीतर तापीच्या पुलापलीकडे कुठेतरी. लोकांना ते दोघं डायरेक्टर आणि हिरोईन म्हणून माहीत होते. तसंच राहू द्यावं असं त्याचं म्हणणं होतं. एकदा बोभाटा झाला की माणसं कामापेक्षा आपल्याकडेच बघतील, तो म्हणायचा. आधी एक मोठा पिक्चर करू. तो झाला की तुझ्या आईकडे येतो आणि सरळ मागणी घालतो.

पिक्चरची गोष्ट वैशालीनेच त्याला दिली. ती तिच्या मावशीची होती. सरस्वती मावशी तरुणपणी नंदुरबारकडच्या सासरचा छळ सोडून कापसाच्या ट्रकमध्ये बसून एकटी सुरतेला आली होती. इथे ती कापडाच्या घड्या घालायला लागली, मागून आलेल्या धाकट्या बहिणीला तिने सांभाळलं, तिचं लग्न लावून दिलं. ती बहीण म्हणजे मंगलाबाई. मावशीवर जीव टाकणारा एक माणूस होता, कारखान्यातला जॉबर, म्हणजे मुकादम. तोही शेवटी गावी जाऊन दुसरीशी लग्न करून आला. मावशी त्याला म्हणाली होती, तू जा, पण माझ्यासमोरून जा, चोरासारखा जाऊ नको. हे वाक्य वैशालीने मावशीच्या तोंडून कितीदा तरी ऐकलं होतं. हेमराजने ते ऐकलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, हा पिक्चर तुझा आहे, तुझ्याशिवाय कोणी करूच शकत नाही.

चार वर्षं त्या दोघांनी तो पिक्चर तोंडीच केला. तो प्रसंग सांगायचा, ती संवाद बोलायची, तो फोनमध्ये टाइप करून घ्यायचा. मावशीचं बोलणं, मावशीच्या शिव्या, मावशीची गप्प राहायची पद्धत, सगळं वैशालीने दिलं.

मग भगवानभाई आले. पलसाण्याकडे जमिनीचे व्यवहार करणारा गृहस्थ, मूळचा धुळ्याचा. त्यांना आपल्या भाषेसाठी काहीतरी करायचं होतं. ते पैसा घालायला तयार झाले तेव्हा हेमराजने वैशालीला भर रस्त्यात उचलायचंच बाकी ठेवलं होतं. पुढच्या आठवड्यात तो तिला लोचोच्या दुकानात घेऊन गेला आणि प्लेट समोर आली तरी त्याने हात लावला नाही.

भगवानभाईंना नवीन चेहरा हवा होता. गाण्यांत बघून बघून लोकांना वैशालीचा चेहरा पाठ झालाय, त्यांचं म्हणणं. शिवाय मावशीचं तरुण वय दाखवायचं, तर वीस-बावीसची मुलगी पाहिजे. कतारगामची एक मुलगी त्यांनी बघितलीही होती. हेमराज हे सगळं दुकानाच्या भिंतीकडे बघत सांगत होता. तू थोरल्या जावेची भूमिका कर, तो म्हणाला, छोटी आहे पण जोरदार आहे. वैशालीने विचारलं की तू काय म्हणालास त्यांना. तो म्हणाला, "काय म्हणू? नाही म्हटलं तर पिक्चरच होणार नाही. आणि पिक्चर झाला नाही तर आपलं काय होणार?"

आपलं हा शब्द त्याने वापरला म्हणून वैशाली गप्प बसली. घरी येऊन तिने आरशात स्वतःचा चेहरा पाहिला. तेहतीस वर्षांचा, चांगला चेहरा होता. लोकांना तो पाठ झाला यात त्या चेहऱ्याचा काय गुन्हा, हे तिला कळलं नाही. पण पिक्चर व्हायला हवा होता. त्याच्या पुढे त्यांचं लग्न होतं. तिने जावेची भूमिका घेतली, आणि हेमराजने आणखी एक काम सांगितलं तेही घेतलं. नव्या मुलीला अहिराणी शिकवायचं.

प्रियांका पहिल्या दिवशी स्कूटीवरून आली आणि चपला दाराबाहेर काढून सरळ मंगलाबाईंच्या पाया पडली. तिचे आजोबा अमरावतीकडून बांधकामावर आले होते. घरी वऱ्हाडी, शाळेत गुजराती, मैत्रिणींत हिंदी, अशी तिची भाषा होती. एका वाक्यात तिन्ही यायच्या. वैशालीने तिचा राग करायचं ठरवलं होतं, पण ते जमलं नाही. मुलगी कष्टाळू होती. एकेक वाक्य पन्नासदा म्हणायची. मंगलाबाईंबरोबर बसून धागे कापायची, म्हणजे त्यांचं बोलणं कानावर पडेल. वैशालीला दीदी म्हणायची. दीदी, तुमच्यासारखं मला कधीच येणार नाही, असं ती म्हणायची तेव्हा तिच्या मनात तसंच असायचं. कधी कधी वैशालीला वाटायचं, आपल्याला धाकटी बहीण असती तर ती अशीच असती.

एका दुपारी दोघी गच्चीवर बसल्या होत्या. मंगलाबाईंनी वाळत घातलेल्या कुरडया राखायच्या होत्या. प्रियांकाचं लक्ष आज अभ्यासात नव्हतं. जरा वेळाने ती म्हणाली, दीदी, एक वाक्य आहे, स्क्रिप्टमधलं नाही. कुणीतरी म्हणतं मला. मी हो हो करते, पण पूर्ण कळत नाही, आणि त्यालाच विचारायला लाज वाटते. मग तिने गालातल्या गालात हसत, अडखळत ते वाक्य म्हटलं.

"तुझा आवाज ऐकाबिगर मना दिन उगत नही."

"तुझा नाही, तुना," वैशाली सवयीने म्हणाली. "आणि उगत नही म्हणत नाहीत. उगस नही."

प्रियांकाने पुन्हा म्हटलं. या वेळी बरोबर आलं.

वैशालीच्या हातात कुरडईचा तुकडा होता. तो तिने खाली ठेवला. हे कोण म्हणतं, असं तिने विचारलं नाही. प्रियांकाच्या चेहऱ्यावर ते सगळं लिहिलेलं होतं. आणि ते वाक्य सुरतेत बोलणारा दुसरा माणूस नव्हता. प्रियांका अर्थाची वाट बघत होती. वैशाली तिला काहीही सांगू शकली असती. पण तिने सांगितलं ते खरं होतं. "तुझा आवाज ऐकल्याशिवाय त्याचा दिवस उगवत नाही, असं म्हणतोय."

प्रियांकाने ओढणीत तोंड लपवलं. मग तिने वैशालीला मिठी मारली आणि कुणाला सांगू नका म्हणाली. हेमराज सरांनी बजावलंय, एकदा बोभाटा झाला की लोक काम सोडून आपल्याकडेच बघतील. वैशाली म्हणाली, नाही सांगणार.

प्रियांका गेल्यावर तिने कुरडया गोळा केल्या, खाली आणल्या, डब्यात भरल्या. मंगलाबाईंनी चहा केला तो प्याली. मग स्वातीकडे गेली. स्वाती एका नवरीचं सामान भरत होती, तिने पेटी बंद केली. वैशाली बोलत होती आणि स्वाती ऐकत होती, आणि या वेळी दोघींपैकी कुणालाही त्यातलं काही विनोदी वाटलं नाही. स्वातीचं मत होतं की त्या पोरीला सगळं सांगून टाकावं. वैशाली म्हणाली, आधी मी त्याच्याकडून ऐकते.

शूटिंग तेव्हा सोनगढकडे सुरू झालं होतं. वैशालीच्या कामाला अजून अवकाश होता. ती एसटीसारखी खडखडणारी गुजरातची सरकारी बस पकडून गेली. उसाच्या गाड्यांमागे बस सारखी थांबत होती. पूर्ण रस्ताभर तिने मनात भांडण रचलं होतं; पोचली तेव्हा त्यातलं काही शिल्लक नव्हतं. जेवणाची सुट्टी झाली होती. तिला बघताच हेमराजने ताट बाजूला ठेवलं आणि तो तिला एका शाळेच्या मागे, कडुलिंबाखाली घेऊन गेला. तिला काही विचारावं लागलं नाही.

मी सांगणारच होतो, तो म्हणाला. तुझं काम सुरू व्हायच्या आत सांगणार होतो.

वैशालीने एकच विचारलं, का.

तो बराच वेळ पायाने माती उकरत राहिला. मग त्याने जे सांगितलं ते खोटं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

"तू मला लग्नाचे व्हिडिओ काढताना बघितलंय," तो म्हणाला. "भाड्याचा कॅमेरा घेऊन फिरताना बघितलंय. तुझ्यासमोर उभा राहिलो की मला वाटतं, मी अजून काहीच झालेलो नाही. तिच्यासमोर मी डायरेक्टर असतो."

"आणि मी थांबले होते ते?"

"त्याचंच तर ओझं होतं, वैशाली."

तो रडायला लागला. चांगल्या माणसासारखा रडत होता, तोंडावर हात न धरता. वैशालीचा हात त्याच्या खांद्याकडे जायला निघाला होता, तो तिने परत घेतला. दुरून कुणीतरी लाइट तयार असल्याचं ओरडलं. हेमराजने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि तिला विचारलं, परत कशी जाशील, गाडी सांगू का. ती नको म्हणाली. जावेची भूमिकाही नको म्हणाली. येताना बसमध्ये शेजारच्या म्हातारीने तिला चिंचेची गोळी दिली आणि कुठल्या गावची म्हणून विचारलं. वैशाली तिच्याशी सुरतेपर्यंत गप्पा मारत आली. गप्प बसायची तिला भीती वाटत होती.

मंगलाबाईंना तिने एवढंच सांगितलं की पिक्चर सोडला. त्यांनी खोदून विचारलं नाही.

पाऊस येऊन गेला. वैशालीने एक-दोन गाणी केली. त्यांत ती आता नवरीची वहिनी होती. सकाळी मंगलाबाई नळावर गेल्या की ती फोन उशीखाली घालायची, न वाजणारा. एकदा त्या वेळेला खरंच फोन वाजला. भगवानभाई होते. त्यांच्या बोलण्यात आढेवेढे नव्हते. पिक्चर छान झालाय, पोरगी दिसते छान, पण बोलली की नंदुरबारची वाटत नाही, नाटक वाटतं. हेमराज सांगायला कचरतोय म्हणून मी फोन केला. आवाज तुम्ही द्याल का?

स्वाती ऐकून इतकी संतापली की तिने वैशालीला घरातून जायला सांगितलं आणि मग स्वतःच जिन्यात गाठून परत आणलं. चेहरा घेतला, माणूस घेतला, आता गळाही नेणार का, ती म्हणाली. वैशालीला हे सगळं पटत होतं. तरी तिला झोपेत मावशीची वाक्यं ऐकू येत होती, प्रियांकाच्या तोंडून, चुकीची. ती आणखी कुणीतरी म्हणणार, भुसावळची नाहीतर जळगावची कुणी भाड्याची बाई. तिला मावशी कुठे थांबते आणि कुठे दम घेते ते माहीत नसणार. तिने भगवानभाईंना होकार कळवला आणि एक अट घातली. स्टुडिओत हेमराज नको.

तो आत आला नाही. बाहेरच्या बाकावर बसलेला असायचा. काचेतून त्याची पाठ दिसायची. वैशाली कानाला हेडफोन लावून उभी राहायची आणि समोर प्रियांकाचे ओठ हलायचे. सुरुवातीला तिला वाटलं होतं की त्या चेहऱ्याकडे बघवणार नाही. पण बघताना तिच्या लक्षात आलं की पोरीने फार जीव ओतलाय. फक्त शब्द तिचे नव्हते. वैशाली तिच्या ओठांत शब्द बसवत गेली आणि स्टुडिओतला साउंडवाला मान डोलवत गेला.

जॉबरला निरोप द्यायचा प्रसंग आला तेव्हा ती अडली. पडद्यावर प्रियांका कापडाच्या गठ्ठ्यांजवळ उभी होती. वैशालीने तोंड उघडलं की शब्द मागे राहायचे आणि ओठ पुढे निघून जायचे. साउंडवाल्याने दुसरा प्रसंग आधी घेऊ का विचारलं. ती नको म्हणाली. पाणी प्याली. मग तिने काचेकडे पाठ केली आणि म्हटलं, "तू जाय. पण मना समोरथीन जाय. चोरना गत जाऊ नको." तू जा, पण माझ्यासमोरून जा. एकाच दमात झालं. साउंडवाल्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ पुढचं काही लावलं नाही.

शेवटच्या दिवशी प्रियांका स्टुडिओत आली. सोनगढला कडुलिंबाखाली दोघांना बघितलेल्या युनिटमधल्या कुणाकडून तरी तिला हेमराज आणि वैशालीचं कळलं होतं. तिचा चेहरा सुजलेला होता. ती दारातूनच म्हणाली, "दीदी, त्या दिवशी गच्चीवर मला का नाही सांगितलं?"

"तू अर्थ विचारलास. तो सांगितला."

"मी सोडते त्याला. आत्ता सांगते जाऊन. तुम्ही म्हणाल तर आत्ता."

वैशालीला मनाशी कबूल करावं लागलं की हे ऐकायची तिने वाट पाहिली होती. कितीतरी सकाळी हेच ऐकलं होतं मनात. आता ते समोर आलं तर त्यात काहीच नव्हतं. तिने प्रियांकाला खुर्ची दिली. माझ्यासाठी सोडू नको, ती म्हणाली. सोडायचा तर तुझ्यासाठी सोड, आणि ठेवायचा तर डोळे उघडे ठेवून ठेव. प्रियांका तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. वैशाली तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. तिला प्रियांकाचा राग अजूनही करता येत नव्हता, आणि त्यामुळे सगळा राग स्वतःपाशीच राहिला.

प्रियांकाने त्याला सोडलं नाही. पिक्चर लागायच्या आधीच त्यांच्या साखरपुड्याची बातमी सगळ्या ग्रुपवर फिरली.

पहिला खेळ पर्वत पाटियाजवळच्या थिएटरात होता. जायचं नाही असं वैशालीने ठरवलं होतं, पण सरस्वती मावशीला कोण घेऊन जाणार? मावशीला आता डोळ्यांनी अंधुक दिसायचं. मंगलाबाईंनी बहिणीला इरकली नेसवली, आणि तिघी रिक्षाने गेल्या. थिएटर गोडादरा-लिंबायतच्या माणसांनी भरलं होतं. बायका पोरांना कडेवर घेऊन आल्या होत्या. पडद्यावर पहिलं अहिराणी वाक्य आलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मावशीने मान वर केली. तिला चित्र नीट दिसत नव्हतं, आवाज मात्र ऐकू येत होता.

"वैशू बोली ऱ्हायनी," ती शेजारच्या बाईला म्हणाली. वैशू बोलतेय.

शेजारची म्हणाली, नाही आजी, ही कुणी प्रियांका आहे. मावशीने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मंगलाबाईंना पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. पण गठ्ठ्यांजवळचा प्रसंग आला आणि त्या आवाजाने जॉबरला जा म्हटलं, तेव्हा मंगलाबाईंनी पडद्यावरची नजर काढून आपल्या मुलीकडे वळवली आणि मग प्रसंग संपेपर्यंत परत पडद्याकडे बघितलंच नाही. मुलीचा नाचण्यातला, हसण्यातला, गाण्यातला खोटेपणा त्यांनी वर्षानुवर्षं बघितला होता. हा आवाज त्यातला नव्हता.

खेळ सुटल्यावर बाहेर गर्दी झाली. हेमराज नवा कुर्ता घालून दारात उभा होता, लोक त्याच्याबरोबर फोटो काढत होते. प्रियांका जरा मागे होती. वैशालीला बघून तिने नजर खाली केली, आणि मंगलाबाईंनी ते पाहिलं. हेमराज पुढे आला. त्याने मावशीचे पाय धरले, आणि मावशीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग तो मंगलाबाईंच्या पायांशी वाकला. मंगलाबाईंनी पाऊल मागे घेतलं.

तो वाकलेलाच राहिला, हात जमिनीजवळ. मंगलाबाईंनी पदर सावरला आणि बहिणीचा हात धरून त्या रिक्षाकडे चालू लागल्या.

मावशीला तिच्या घरी सोडलं. गोडादऱ्याला येईपर्यंत संध्याकाळ झाली होती. मंगलाबाईंनी दिवा लावला, साडी बदलली, कणीक मळायला घेतली. वैशाली दारात बसून होती. परातीतून वर न बघता त्यांनी विचारलं, "किती वरीस?"

"चार."

मंगलाबाई मळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी नळवर जाऊ तवय?" मी नळावर जायचे तेव्हा?

वैशालीने होकाराची मान हलवली. इतकं सरळ त्यांनी विचारलं की तिला आईचं सकाळ सकाळ नळावर थांबणं आठवलं. रांग नसली तरी त्या उशिरा यायच्या. बादली भरून झाल्यावरही कुणाशी तरी बोलत उभ्या राहायच्या.

"तुला माहीत होतं?"

"फोन व्हये हाई माहीत व्हतं," मंगलाबाई म्हणाल्या. फोन येतो एवढं माहीत होतं. कुणाचा ते त्यांना ठाऊक नव्हतं. विचारलं तर तू फोनवर बोलणं थांबवशील असं वाटलं, त्या म्हणाल्या. तू सकाळी तेवढी हसायचीस. मग पिक्चर सोडलास आणि हसणं गेलं, तेव्हा वाटलं की तू सांगशील. "मले सांगती ते..." त्या म्हणाल्या आणि पुढचं त्यांना जमलं नाही. मला सांगितलं असतंस तर.

कडुलिंबाखाली, बसमध्ये, स्टुडिओत, कुठेच न आलेलं रडू वैशालीला तिथे आलं. कणकेचे हात तसेच ठेवून मंगलाबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. शेजारची बाई विरजण मागायला आली होती, ती दारातून परत गेली.

पिक्चर चांगला चालला. नंदुरबार-धुळ्यात गावोगावी पडदे लागले. लोकांनी हिरोईनच्या बोलण्याचं फार कौतुक केलं. पिक्चरच्या शेवटी भराभर सरकणाऱ्या नावांत वैशालीचं नाव कुठेतरी होतं म्हणतात. तोवर लोक उठलेले असायचे. हेमराज आणि प्रियांकाचं लग्न शहाद्याला झालं. मेकअपला स्वातीला बोलावलं होतं, ती गेली नाही.

वैशालीला आता आवाजाची कामं येतात. जाहिरातींची, गोष्टींची, कधी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्याची. एकदा हेमराजच्या नव्या पिक्चरसाठीही विचारणा झाली, तिने अमळनेरच्या एका मुलीचं नाव सुचवलं. स्वाती अधूनमधून कुणातरी बऱ्या माणसाबद्दल सांगते. एक गणपत आहे, स्टुडिओत रेकॉर्डिंग करतो, विधुर आहे, बोलतो कमी. वैशाली त्याच्याबरोबर एकदा कोको प्यायला गेली. तो खरोखर बरा माणूस निघाला. त्याने तिला घरी सोडलं आणि म्हणाला, उद्या सकाळी फोन करू का.

वैशाली त्याला म्हणाली, सकाळी नको. दुपारी केला तर चालेल.